समुद्र उजव्या हाताला

मोजणीदाराला मी तीस वर्षं येडा समजत आलो. त्याच्या तोंडावरही म्हणलं असेल चार-दोनदा. आता दुसऱ्या कोणी म्हणलं तर मी भांडायला उठतो. कारण जिथं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं अशा मुलखात मला ह्या येड्यानं चालवलं. त्यात तो एका जागी चुकला, आणि तीही चूक अशी की ती त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला झालीच नसती. सगळं सांगतो.

आमच्या बोरीत त्याला कोणी नावानं हाक मारत नाही आणि तोही कोणाला मारत नव्हता. आमच्याच भागात मोजणी खात्यात त्याची हयात गेली. रिटायर झाल्यावर बाजाराच्या रस्त्याला दोन पत्र्याच्या खोल्या करून राहिला. बायको-लेकरं नाहीत. माणूस समोर आला की त्याला आधी त्या माणसाचं रान दिसायचं. माझा गट नंबर एकशे बावन्न, म्हणून मी एकशे बावन्न. "काय एकशे बावन्न, तूर कशी हाय?" असं भर बाजारात. एकानं रान विकलं आणि पोराकडं परभणीला राहायला गेला. तो सणावाराला आला की मोजणीदार त्याला 'माजी दोनशे अकरा' म्हणायचा. त्या माणसाला ते इतकं लागलं की त्यानं गावाला येणंच कमी केलं. मी म्हणलं, असं बोलत जाऊ नका. तर म्हणाला, "मंग काय म्हणू? नंबरच न्हाई राह्यला त्याला."

डावं-उजवं हे शब्द तो वापरायचा नाही. त्याला ते कच्चे वाटायचे. माणूस वळला की डाव्याचं उजवं होतं, असल्या शब्दावर बांध-धुरा कसा ठरवायचा, असं त्याचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीत बसला की वाढणाऱ्याला सांगायचा, भात जरा उगवतीला सरकव, वरण दक्षिणेकडून येऊ दे. न्हाव्याला म्हणायचा, मावळतीची मिशी वर गेली. न्हावी बिचारा वस्तरा हातात घेऊन दारातून सूर्य कुठं आहे ते बघायचा. "चाळीस वर्षांत माझी हद्द कुठं हलली न्हाई," हे तो दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला ऐकवायचाच. ते खरंही होतं. त्यानं रोवलेल्या दगडावर कोणी अपील केलं तर अपील करणारा हरायचा.

माझी बायको गेली तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. ज्यानं त्यानं येऊन तेच सांगितलं. चांगली होती, देवाला आवडली, सुटली. मला एकाचंही पटलं नाही. सुटायला तिला झालं काय होतं? सकाळी भाकरी थापल्या, तांब्याभर पाणी प्यायली, भिंतीला टेकली आणि गेली. तिसऱ्या दिवशी मोजणीदार आला. ओसरीच्या पायरीवरच थांबून त्यानं विचारलं, "मालकीणबाई कुठं बसायच्या?"

मी दाखवलं. खांबापाशी कोपऱ्यात, दाणे निवडायला बसायची ती जागा. त्यानं खिशातून खडूचा तुकडा काढला, तेवढ्या जागेभोवती रेघ मारली आणि रेघेच्या बाहेर मांडी घालून बसला. तासभर एक शब्द बोलला नाही. चहा पिऊन उठून गेला. त्या रेघेत महिनाभर कोणी पाय ठेवला नाही. शेजारची लेकरंसुद्धा वळसा घालून पळायची. बाकीच्यांच्या बोलण्यानं नाही झालं ते त्या रेघेनं मला झालं. बरं वाटलं.

आता मेक्सिकोचं.

माझी एकच पोरगी. जावई हॉटेलात स्वयंपाक करतो. आधी जहाजावर होता, मग तिकडं मेक्सिकोत समुद्राकाठी कानकुन नावाचं शहर आहे, तिथल्या मोठ्या हॉटेलात लागला. पोरीला तिकडंच दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण डॉक्टरनं तिला विमानात बसू नका म्हणून सांगितलं. मग असं ठरलं की पोरगी माहेरी येत नाही तर माहेरच पोरीकडं जाईल. माहेर म्हणजे माझी बायको. तिनं डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं निवडून पुड्या बांधून ठेवल्या होत्या. पासपोर्टाला फोटो काढला, पोलीस चौकशी करून गेले. आणि ती गेली. पासपोर्ट आला अकराव्या दिवशी. पोस्टमन म्हणाला, हा ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, त्यांना बोलवा. मी म्हणलं, तूच बोलव. माझं ऐकत असती तर मीच बोलवली असती.

पोरगी फोनवर काही मागत नव्हती, फक्त रडायची. एक दिवस म्हणाली, "अप्पा, तुमीच या."

मी चौथी पास. जिंतूर-परभणीच्या पलीकडं कामाशिवाय गेलो नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, हेही मनात होतं. पण माहेर म्हणून आता मी एकटाच उरलो होतो. मी हो म्हणलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला जेवण जाईना. विमानाचं भ्या नव्हतं. विमान चालवणारा चालवतो. भ्या होतं ते उतरल्यावरचं. जावई बारा-बारा तास कामावर, पोरगी अवघडलेली. मी तिथं हरवलो तर ती पोट धरून मला हुडकत फिरायची. मदतीला गेलेला माणूस म्हणजे अजून एक लेकरू व्हायचं.

हे मी मोजणीदाराला बोलून दाखवलं. त्यानं तोंडातली सुपारी थुंकली आणि विचारलं, "पत्ता काय हाय?"

त्या दिवसापासून दोन महिने तो माणूस कानकुनमध्ये राहायला गेला. बोरीतच बसून, मोबाईलवर. पण गेला.

पोरीनं पत्ता पाठवला होता. त्यात सुपरमान्साना अमुक, मान्साना तमुक, आणि पुढं लोटे आणि आकडा. मोजणीदारानं मान्सानाचा अर्थ मोबाईलला विचारला तर मोबाईल म्हणाला, सफरचंद. दोन दिवस तो बेचैन. सकाळी माझ्या दारात येऊन उभा. "पोरगी मोठ्या सफरचंदातल्या बारक्या सफरचंदात राहती, आन् त्याच्यात लोटे हायेत. आसा पत्ता आसतो का? तुमच्या जावयाला फोन लावा, त्यो काय पीत-बीत न्हाई ना?"

तिसऱ्या दिवशी तो पळत आला. बहात्तर वर्षांचा माणूस, चप्पल हातात घेऊन पळत. मान्साना म्हणजे चार रस्त्यांच्या मधला घरांचा चौक. सुपरमान्साना म्हणजे अशा चौकांचा मोठा गट. लोटे म्हणजे प्लॉट. गट, पोटहिस्सा, प्लॉट. त्या शहरात लोक एकमेकांना नंबरानं पत्ता सांगतात. मग त्यानं अजून खोदलं तर कळलं की ते गाव आपोआप वसलेलं नाही. आधी तिथं वाळू आणि नारळ, थोडी कोळ्यांची घरं. मग सरकारनं कागदावर नकाशा काढला आणि त्या नकाशाबरहुकूम गाव उभं केलं. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. "आपल्याकडं आधी गाव आन् मंग मोजणी. म्हणून भांडणं. तिथं आधी नकाशा, मंग गाव. एकशे बावन्न, माझा जलम चुकीच्या जागी झाला."

जुन्या कॅलेंडरांची पानं मागच्या बाजूनं खळीनं चिकटवून त्यानं सतरंजीएवढा नकाशा केला. निळ्या पेन्सिलीचे किती तुकडे संपवले त्याला माहीत. नकाशा माझ्या ओसरीत पसरायचा आणि छडी घेऊन उभा राहायचा. हॉटेलांचा एक लांब पट्टा समुद्रात गेलेला, इंग्रजी सातच्या आकड्यासारखा. "आकडा ध्यानात राहत नसला तर खुरपं समजा. मुठीपाशी गाव, तुमची पोरगी. पात्याच्या खालच्या टोकाला विमानतळ. पात्याच्या उगवतीला समुद्र, मावळतीला खाऱ्या पाण्याचं तळं, मगरीसगट." समोर समुद्रात एक बेट आहे, त्याच्या नावाचा अर्थ निघाला बायकांचं बेट. मोजणीदार ब्रह्मचारी माणूस, त्याला ते नकाशावर लिहवेना. त्यानं तिथं 'बेट, खासगी' असं लिहून टाकलं.

तीन शब्द पाठ करून घेतले. गावाला सेंत्रो. पाण्याला आग्वा. समुद्राला मार. "मार लागला की समुद्र आला समजायचं," आणि स्वतःच हसायचा.

पण मला नकाशा कळेना. ओसरीत कळायचा, अंगणात गेलो की सांडायचा. उगवती-मावळती मला रानात कळते, पण चार विमानतळं करून उतरलेल्या माणसाला परक्या उन्हात ती कळेल ह्याची मोजणीदारालाही खात्री वाटेना. त्यानं दोन दिवस विचार केला आणि आपला जन्मभराचा नियम मोडला. म्हणाला, "तुमच्यासाठी डावे-उजवे हात वापरावे लागतेल." अशी खाली मान घालून म्हणाला की जणू मी त्याला चोरी करायला लावली.

मग आम्ही यष्टीनं जिंतूर करून येलदरीला गेलो. धरणाच्या भिंतीवर कोणी जाऊ देईना, म्हणून जलाशयाच्या कडेकडेनं. मला पाण्याकडं उजवा हात करून उभं केलं. "हा मार. मार उजव्या हाताला आसला की तुमी घराकडं निघालात. डाव्या हाताला आसला की विमानतळाकडं. पट्टा वळू द्या न्हाईतर सरळ जाऊ द्या, हे बदलत न्हाई. म्या तपासलंय." मग माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधायचा, तीनदा गोल फिरवायचा, सोडायचा आणि ओरडायचा, घर कुठं? मी पाण्याचा वास घ्यायचो, उजवा हात तिकडं करायचो आणि चालायला लागायचो. एकदा बाभळीत गेलो. काठाला जाळी सुकवत बसलेले भोई बघत होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, काय मोजायलेत काका? मोजणीदार म्हणाला, "मेक्सिको."

येताना बोरीच्या स्टँडवर शेवटचा धडा. "घराकडं तोंड करायचं. मार उजव्या हाताला आला का? आता रस्त्याच्या डाव्या अंगाला उभं ऱ्हायचं, तिथंच बस थांबती." मी तेही पाठ केलं.

पासपोर्ट-व्हिसाचे कागद झाले आणि गेलो एकदाचा. प्रवासाचं सांगत नाही, झोप आणि पाय सुजणं एवढंच आहे त्यात. पण उतरून जावयाच्या गाडीत बसलो आणि रस्त्याच्या बाजूला फटीतून निळं पाणी दिसलं तेव्हा मी ओरडलोच, मार आला. जावई दचकला. पाणी उजव्या हाताला होतं. म्हणजे घराकडं निघालो होतो. मोजणीदारानं ओसरीत काढलेलं खुरपं माझ्या डोळ्यासमोर उभं राहत चाललं होतं, हॉटेलं, मग तळं, मग वळण, मग मूठ. मी जावयाला आधीच सांगायचो, आता वळेल. आणि वळायचं. त्याला तिथं तीन वर्षं झाली होती आणि मी पहिल्या तासात त्याला रस्ता सांगत होतो. बायको असती तर म्हणाली असती, गप बसा, त्याला गाडी चालवू द्या.

आठवड्याभरात मी चौकातल्या सगळ्या वाटा पायाखाली घातल्या. काय मुलूख आहे. चिक्कूची झाडं तिथली मूळची, आपल्याकडं तिकडूनच आलीत, असं पोरगी म्हणाली. गाडीवर मक्याच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाया, आपल्यासारख्याच हातानं फिरवतात, फक्त बारक्या. चिंचेच्या गोळ्या मीठ-तिखट लावून. माझ्या पागोट्याकडं बघून त्या हसायच्या आणि मी त्यांच्या भाकरीच्या आकाराकडं बघून. पोरीची शेजारीण मावशी रोज दारात येऊन काहीतरी भडाभडा बोलून जायची, मी मान हलवून 'आग्वा' म्हणायचो, ती पाणी आणून द्यायची. आमचं भागत होतं.

समुद्राचं मला वेडच लागलं. एवढं पाणी आणि एका थेंबानं शेत भिजत नाही, ह्याचा राग यायचा, पण बघत राहावं वाटायचं. जावई कामाला जाताना सकाळी मला पट्ट्यावरच्या एका मोकळ्या किनाऱ्यावर सोडायचा, आणि दोन तासांनी त्याच्या हॉटेलातली गाडी गावाकडं जायची तिच्यात बसवून द्यायचा.

त्या दिवशी जावयाला हॉटेलवाल्यांनी दूरच्या दुसऱ्या हॉटेलात लग्नाच्या जेवणाला धाडलं. त्यानं मला किनाऱ्यावर सोडलं आणि म्हणाला, आज बसनं जाल का अप्पा? मी म्हणलं, मला काय विचारतो, मी येलदरीला शिकून आलोय. पोरीला अजून तीन आठवडे होते.

साडेआठच्या सुमाराला तिचा फोन. आवाज अगदी बारीक. "अप्पा, पाणी गेलंय. पोटात दुखायलंय."

मी म्हणलं, शेजारणीला घे, टॅक्सी कर, दवाखान्यात जा, मी येतो मागून. जावयाला फोन लाव.

"त्यांचा फोन कपाटात ऱ्हातो, उचलीत न्हाईत. मावशी बसलीय इथं. पण तुमी आल्याबिगर मी निघणार न्हाई."

"अगं येडी का खुळी तू?"

"आई न्हाई आली," ती म्हणाली, "तुमी तरी या."

 वाळूतून धावत रस्त्यावर आलो. घराकडं तोंड केलं. समुद्र उजव्या हाताला. बरोबर. रस्ता ओलांडून डाव्या अंगाला गेलो. बस आली, हात केला, चढलो, मागं सीटवर जाऊन बसलो.   मग गालाला ऊन लागलं. डाव्या. मी मान वळवली तर दोन हॉटेलांच्या मधल्या फटीत पाणी. डाव्या हाताला. मी उठून दुसऱ्या बाजूला बघितलं, तिकडं तळं. पुन्हा बसलो, पुन्हा बघितलं. समुद्र डाव्या हाताला म्हणजे विमानतळ.

कसा उतरलो मला आठवत नाही. ड्रायव्हर काहीतरी म्हणाला. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी मोजणीदाराला फोन लावला. तिकडं बोरीत संध्याकाळचे सात. पहिल्याच घंटीला उचलला.

"म्या एकशे बावन्न."

"बोला. मार कोणच्या हाताला?"

"बसमधी बसलो तर डाव्या हाताला आला. तुमी सांगितल्यावाणीच उभा ऱ्हायलो, डाव्या अंगाला. पोरगी हटून बसलीय, पाणी गेलंय तिचं."

 मला त्याच्या खोलीवरच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या तेवढं ऐकू येत होतं.

"एकशे बावन्न," तो म्हणाला, "गाड्या रस्त्याच्या कोणच्या अंगानं चालतेत?"

मी बघितलं. आठ दिवस त्याच रस्त्यानं जात होतो आणि आत्ता बघितलं. "उजव्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

 मग इतक्या हळू बोलला की मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. "नकाशात गाड्या नसतेत." मग एकदम ओरडला, "रस्ता वलांडा. आत्ता वलांडा. येणारी गाडी दुसऱ्या अंगानं येतीय, तिकडं बघून वलांडा. समुद्राच्या अंगाला उभं ऱ्हावा. बसमधी चढल्यावर मला पुन्यांदा सांगा."

मी ओलांडला. बस आली. ड्रायव्हरला 'सेंत्रो' म्हणून ओरडलो, त्यानं मान हलवली. बसलो आणि फोनमध्ये म्हणलं, मार उजव्या हाताला आला.  फोन चालू होता, श्वास ऐकू येत होता. वळण आलं, मूठ आली, तरी तो माणूस तसाच फोन कानाला लावून. मी उतरून चौकात धावलो तेव्हा कुठं फोन कट झाला.

पोरगी पायरीवर बसली होती, मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून. मला बघून दातओठ खात म्हणाली, "कुठं गेलतात?"

"विमानतळाकडं."

"माहेर परत निघालं व्हतं काय?" म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता कळ आली तसं माझं मनगट असं धरलं की त्याची निशाणी चार दिवस होती. टॅक्सी केली. दुपारी बाराच्या आत नात झाली. दवाखान्यातल्या बाईनं गुंडाळून पहिल्यांदा माझ्याच हातात दिली. तिथं दुसरं कोण होतं. आजोबाच्या हातात लेकरू शेवटी द्यायचं असतं, पण ते त्या बाईला कुठं ठाऊक. वजन बघायला दिल्यासारखी दिली आणि मी धरून उभा राहिलो. सव्वा महिना मी पोरीला पाणी तापवलं, खीर केली, बायकोनं बांधलेल्या पुड्या एकेक करून सोडल्या. जमलं. पोरीला विचारा.

नात झाल्याचं सांगायला त्याच दिवशी मोजणीदाराला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. मला काळजी वाटली. गावातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, आहे की, बाजारात दिसतो, पण खाली बघून चालतो.

परत आलो तसा सामान ओसरीत टाकून आधी त्याच्याकडं गेलो. मला बघून उठला, आणि माझ्या आईबापानं ठेवलेल्या नावानं मला हाक मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते ऐकून कसंतरीच झालं. कानकुनचा नकाशा कुठं दिसेना. विचारलं तर म्हणाला, चुलीत घातला.

"का?"

"माझी हद्द हलली," तो म्हणाला. "तुमची लेक वाट बघत बसून व्हती. तिला काय झालं आसतं तर?"

मी गोडगोड बोलणारा माणूस नाही. म्हणलं, "झालं आसतं तर तुमाला जित्ता सोडला नसता. पण झालं न्हाई. तुमी चुकलात, म्या रस्ता वलांडला. पंधरा मिनिटं गेली. बास. आन् ऐका, बसमधी चुकलो हे मला कशानं कळलं? तुमच्याच मारानं. तो धडा नसता तर म्या विमानतळावर जाऊन बसलो आसतो, पोरीला बोलवीत."

तो ऐकत होता पण पटत नव्हतं. मग त्यानं जे सांगितलं ते मला तोवर सुचलंच नव्हतं. मी त्याला नेहमी सांगायचो, एवढे नकाशे काढता, एकदा तरी कुठं जाऊन या. तो म्हणायचा, वेळ कुठंय. आता म्हणाला, "वेळ लय व्हता. भ्या वाटायचं. गेलो आन् चुकलो तर? मोजणीदार रस्ता चुकला, आसं लोकं म्हणतेल. कागदावर म्या कधी चुकलो न्हाई, म्हणून कागदावरच ऱ्हायलो."

"मंग आता चुकलात की," मी म्हणलं. "काय बिघडलं?"

त्यानं वर बघितलं. पत्र्याकडं, मग माझ्याकडं. चार दिवसांनी सकाळी सातलाच माझ्या दारात, धोतर धुतलेलं, हातात पिशवी. म्हणाला, चला. कुठं म्हणलं तर सांगेना. परभणीला उतरलो तर स्टेशनात येईना, तिथं भोंग्यावर सगळं सांगतात म्हणाला. रिक्षा करून पिंगळीला नेलं. बारकं स्टेशन, दोन माणसं आणि एक शेळी. तिथं मला म्हणाला, "जी गाडी आधी येईल तिचं तिकीट काढा. कुठलं हाय ते मला सांगू नका. म्या फलाटाच्या पाटीकडं पाठ करून बसतो."

मी काढलं आणि खिशात ठेवलं. गाडी आली. तो लेकरासारखा आधी चढला, कोणाच्या पायावर पाय देऊन. गाडी सुटली. पहिलं स्टेशन गेलं, त्यानं डोळे मिटून घेतले होते. दुसरं गेलं. हाताची बोटं मांडीवर नुसती नाचत होती. शेवटी समोर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडं तो वाकला. माझ्या देखत त्यानं कोणाला रस्ता विचारलेला मी कधी बघितला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "ही गाडी कुठं जाती?"

बाईनं त्याच्याकडं वरून खाली बघितलं. "बसायच्या आधी इचारावं, काका. तुमाला कुठं जायचंय?"

"ते ह्यांच्या खिशात हाय," मोजणीदार माझ्याकडं बोट करून म्हणाला, आणि हसला. बाईही हसली. त्याचे खालचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं.

मी उठलो आणि त्याला खिडकी दिली.